बीटा टेस्टरचं ऐकतं कोण? एका अपडेटनं पुसलेल्या फाइल्सची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना सुटलेले एक-दोन मुद्दे इथे जोडलेत, आणि माझे "म्हणजे बघा" बरेचसे काढून टाकलेत. सगळे निघाले नाहीत, चालवून घ्या.

विषय आहे ऑपरेटिंग सिस्टिमचा बीटा. नवीन विंडोज, नवीन अँड्रॉइड किंवा नवीन आयओएस यायच्या आधी त्याची कच्ची आवृत्ती लोकांना वापरायला देतात. लाखो लोक ती हौसेनं टाकतात, बग सापडले की कळवतात. आता प्रश्न असा, की त्या कळवण्याचं पुढे होतं काय? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामाचा बराच वेळ लोकांनी कळवलेले बग वाचण्यात आणि "आधी कुठला घ्यायचा" हे ठरवण्यात जातो. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

बीटा म्हणजे नक्की काय

साधी व्याख्या करू. अल्फा म्हणजे घरातल्या घरात चाखून बघायचं. बीटा म्हणजे पंगतीच्या आधी शेजाऱ्यांना बोलावून चव बघायला सांगायचं. आणि रिलीज कँडिडेट म्हणजे आता कुणी ओरडलं नाही तर हेच वाढायचं.

शेजाऱ्यांना का बोलवायचं? कारण कंपनीच्या लॅबमध्ये पाचशे कॉम्प्युटर असले तरी बाहेरच्या जगात असतात तितके प्रकार तिथे मावत नाहीत. कुणाकडे दहा वर्षं जुना प्रिंटर असतो, कुणाकडे गल्लीतल्या दुकानातून असेंबल केलेला पीसी. कुणी सी ड्राइव्ह भरला म्हणून सगळं डी ड्राइव्हवर हलवलेलं असतं. असले जोड कुठल्याही टेस्टरच्या यादीत नसतात. बीटाची खरी किंमत इथेच आहे. बीटा टेस्टर तुमच्या इंजिनिअरपेक्षा हुशार असेल असं काही नाही, पण त्याचा कॉम्प्युटर तुमच्यासारखा नसतो.

पैसे मोजून बग शोधणारे लोक

आज बीटा फुकट मिळतो. पूर्वी लोक त्यासाठी पैसे मोजायचे! विंडोज ९५ बाजारात आली २४ ऑगस्ट १९९५ ला. त्याआधी त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं तिचा प्रीव्ह्यू सामान्य ग्राहकांना सुमारे २० डॉलरला विकला होता.

ॲपलचंही तेच. १३ सप्टेंबर २००० ला मॅक ओएस एक्सचा पब्लिक बीटा आला, २९.९५ डॉलरला. जुन्या मॅकवाल्यांना त्यात एक गोष्ट खटकली. वर्षानुवर्षं स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ॲपल मेनू असायचा. बीटामध्ये तो नव्हताच. सफरचंदाचं चिन्ह मेनूपट्टीच्या बरोबर मध्ये नुसतं शोभेला बसवलेलं, क्लिक केलं तरी काही होत नव्हतं. लोकांनी भरपूर तक्रारी केल्या. जानेवारी २००१ मध्ये ॲपलनं सांगितलं, की बीटावर ७५,००० पेक्षा जास्त अभिप्राय आलेत. २४ मार्च २००१ ला पक्की आवृत्ती आली तेव्हा सफरचंद पुन्हा डाव्या कोपऱ्यात होतं, आणि त्यावर क्लिक केलं की मेनू उघडत होता.

हे झालं बीटाचं गोड उदाहरण. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ही तक्रार सगळ्यांच्या डोळ्यासमोर होती. बीटा टाकणाऱ्या प्रत्येकाला ते सफरचंद दिसत होतं, त्यामुळे तक्रारीही ढिगानं आल्या. अशा बाबतीत गर्दी अगदी बरोबर काम करते.

आता दुसऱ्या जातीचा बग. जानेवारी २००९ मध्ये विंडोज ७ चा बीटा आला. डाउनलोडसाठी इतकी झुंबड उडाली की मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर टेकीला आले. त्या बीटात एक वाईट बग होता. काही एमपी३ फाइल्सची माहिती बदलली गेली, की गाण्याच्या सुरुवातीचे काही सेकंद कायमचे कापले जायचे. हे वेळेत लक्षात आलं. बीटासोबतच दुरुस्तीचा पॅच दिला गेला, आणि गाण्यांचा बॅकअप घ्या किंवा फाइल्स रीड-ओन्ली करून ठेवा असं लोकांना स्पष्ट सांगितलं गेलं. बग होता, पण ऐकणारं कुणीतरी होतं.

इन्सायडर आणि मतांची पेटी

सप्टेंबर २०१४ च्या शेवटी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची घोषणा केली आणि सोबत विंडोज इन्सायडर प्रोग्रॅम सुरू केला. कुणीही नाव नोंदवायचं आणि कच्चे बिल्ड घ्यायचे. त्यात रिंग होत्या. फास्ट रिंगमध्ये सगळ्यात ताजा आणि सगळ्यात कच्चा माल, स्लो रिंगमध्ये जरा मुरलेला, आणि रिलीज प्रीव्ह्यूमध्ये जवळजवळ तयार. पुढे याच कल्पनेला कॅनरी, डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रीव्ह्यू चॅनल अशी नावं मिळाली.

त्याच सुमारास कंपनीत आतही बदल झाला. टेस्टिंग करणाऱ्या इंजिनिअरची वेगळी भूमिका कमी केली गेली. कोड लिहिणाऱ्यानंच त्याची टेस्टिंग बघायची, असा कल आला. साहजिकच बाहेरच्या इन्सायडरवरचा भार वाढला.

हे लोक बग कळवायचे फीडबॅक हब नावाच्या ॲपमधून. तुम्ही तक्रार लिहायची, दुसऱ्या कुणाला तोच त्रास असेल तर त्यानं तिला मत द्यायचं. मतं वाढली की तक्रार यादीत वर चढते. इंजिनिअर म्हणून मला यामागचं कारण समजतं. रोज हजारो तक्रारी येतात, सगळ्या वाचायला माणसं आणायची कुठून? मग गर्दीलाच निवडू द्या. ऐकायला अगदी लोकशाहीसारखं. पण याच पेटीत एक मोठी तक्रार बुडाली.

ऑक्टोबर २०१८ : रिकामं घर समजून

२ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चा ऑक्टोबर अपडेट आला, आवृत्ती १८०९. सुरुवातीला तो फक्त स्वतःहून "अपडेट तपासा" दाबणाऱ्यांना मिळत होता. सगळ्यांना आपोआप जायला अजून आठवडा होता. आणि दोन-तीन दिवसांत लोक सांगू लागले, की अपडेट झाल्यावर आमचं डॉक्युमेंट्स फोल्डर रिकामं आहे, फोटो गेले. मायक्रोसॉफ्टनं अपडेट थांबवला. ज्यांच्या फाइल्स गेल्या त्यांना सांगितलं, की तो कॉम्प्युटर शक्यतो वापरू नका आणि आम्हाला फोन करा. वापरू नका अशासाठी, की पुसलेल्या फाइलची जागा फक्त "मोकळी" अशी नोंदवली जाते. तिथे नवीन काही लिहिलं गेलं की जुनं परत मिळायची आशा संपते.

झालं काय होतं? विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप ही नावं म्हणजे पाट्या असतात. पाटी एका जागेकडे बोट दाखवते, आणि ती जागा तुम्ही बदलू शकता. आपल्याकडे सी ड्राइव्ह भरला की डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवर नेणं हा जुना उद्योग आहे, त्यातलाच हा प्रकार.

आता समजा तुम्ही घर बदललंत. पत्ता नवीन घराचा दिलात, पण जुन्या घरात काही पेट्या राहिल्या. विंडोजमध्येही असंच व्हायचं. पाटी नवीन जागी गेली तरी जुन्या फोल्डरमधल्या फाइल्स तिथेच राहिलेल्या असू शकतात. कधी माणसानं हलवल्या नाहीत म्हणून, तर कधी वनड्राइव्हच्या जुन्या आवृत्तीनं पाटी बदलली पण फाइल्स हलवल्या नाहीत म्हणून.

आधीच्या, म्हणजे एप्रिल २०१८ च्या अपडेटनंतर अशा काही लोकांनी तक्रार केली होती, की आम्हाला डॉक्युमेंट्सचं एक जास्तीचं रिकामं फोल्डर दिसतंय. तक्रार रास्तच होती. मायक्रोसॉफ्टनं ती ऐकली आणि ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये ही रिकामी जुळी फोल्डर काढून टाकणारा कोड घातला. पण त्याच अपडेटमधल्या दुसऱ्या एका बदलाशी त्याची सांगड अशी बसली, की जुनी फोल्डर आतल्या सामानासकट उडाली. रिकामं घर समजून सफाईवाल्यानं भरलेलं घर झाडून नेलं.

म्हणजे बघा, वापरणाऱ्यांचं ऐकून केलेली दुरुस्ती वापरणाऱ्यांच्याच फाइल्स घेऊन गेली.

तक्रार आधीच आलेली होती

यातला सगळ्यात बोचणारा भाग पुढे आहे. अपडेट बाहेर पडायच्या कितीतरी आधी काही इन्सायडर लोकांनी फीडबॅक हबमध्ये लिहिलं होतं, की नवीन बिल्ड टाकल्यावर माझ्या फाइल्स गेल्या. त्या तक्रारींना मतं किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे त्या तळाशी राहिल्या. भरीला १८०९ आवृत्ती रिलीज प्रीव्ह्यू रिंगमध्ये न जाता थेट लोकांपर्यंत आली. शेवटची चाळणी लागलीच नाही.

मतं का मिळाली नाहीत, हे आपण आकड्यांत बघू. मायक्रोसॉफ्टनंच नंतर सांगितलं, की फाइल्स गेल्याच्या तक्रारी एक टक्क्याच्या शंभराव्या भागाइतक्या होत्या. म्हणजे १०,००० कॉम्प्युटरमागे एक. समजा १० लाख लोक बीटा वापरताहेत. त्यातल्या १०० जणांना हा फटका बसणार. त्यातले निम्मे वैतागून फॉरमॅट मारतील, काहींना फाइल्स गेल्याचं महिनाभर कळणारच नाही, आणि लिहितील दहा-पंधरा जण. ते पंधरा जणही पंधरा वेगवेगळ्या शब्दांत लिहिणार. राहिलेले नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे लोक ती तक्रार वाचून म्हणणार, "माझ्याकडे तर सगळं ठीक आहे." मत कशाला देतील? तेच एखादं आयकॉन वाकडं असेल, तर ते सगळ्या १० लाखांना दिसतं.

म्हणजे मतं मोजतात तो बग किती जणांना दिसला. दिसला त्याचं नुकसान किती झालं हे मतांत येतच नाही. आमच्या धंद्यात पहिल्याला फ्रीक्वेन्सी म्हणतात, दुसऱ्याला सिव्हिअरिटी. सिव्हिअरिटी म्हणजे तीव्रता. आणि फाइल्स जाणं ही अशी तीव्रता आहे, की तिथे एक तक्रारसुद्धा पुरेशी असायला हवी.

१०,००० मध्ये एक हा आकडा लहान वाटतो ना? त्या काळात विंडोज १० सुमारे ७० कोटी उपकरणांवर चालत होती. अपडेट न थांबवता सगळीकडे गेला असता तर या दरानं ७०,००० कॉम्प्युटर. प्रत्येकात कुणाचा तरी प्रबंध, कुणाचे हिशेब, कुणाच्या लग्नाचे फोटो.

मायक्रोसॉफ्टनं धडा घेतला, हेही सांगायला हवं. फीडबॅक हबमध्ये तक्रार करताना तिची तीव्रता नोंदवायची सोय आली, म्हणजे तक्रारी थोड्या असल्या तरी गंभीर गोष्ट नजरेतून सुटू नये. अपडेट दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबर २०१८ ला पुन्हा आला. पुढच्या, मे २०१९ च्या अपडेटला रिलीज प्रीव्ह्यूमध्ये मुद्दाम जास्त वेळ ठेवलं गेलं.

डेबियनवाले काय करतात

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं एक जुनं उत्तरही आहे. डेबियन ही लिनक्सची जुनी आणि प्रतिष्ठित आवृत्ती. तिथे बग कळवताना सुरुवातीलाच तीव्रता लिहिता येते. सगळ्यात वरची पायरी क्रिटिकल, मग ग्रेव्ह, सीरियस, आणि उतरत उतरत शेवटी विशलिस्ट. डेटा जाणारा बग पहिल्या दोन पायऱ्यांत येतो. वरच्या तीन पायऱ्यांचे बग रिलीज अडवणारे मानले जातात. तो बग हजार जणांनी कळवला की एकानं, याला महत्त्व नाही.

याचे तोटेही आहेत. प्रत्येकाला आपलाच बग क्रिटिकल वाटतो. मग कुणीतरी बसून वाचावं लागतं, तपासावं लागतं, खालच्या पायरीवर ढकलावं लागतं. याला ट्राएज म्हणतात, आणि ते कंटाळवाणं काम आहे. मी करतो म्हणून सांगतो. पण त्याला पर्याय सापडलेला नाही. मतांची पेटी हे काम हलकं करते, पण ती माणसाच्या जागी बसू शकत नाही.

आणि आपली मराठी?

हा मुद्दा आपल्यापर्यंत कसा येतो बघा. २०१८ च्या शेवटी इन्सायडर बिल्डमध्ये भारतीय भाषांचे नवीन फोनेटिक कीबोर्ड आले. रोमन अक्षरांत उच्चार लिहायचा आणि समोर त्या भाषेची लिपी उमटायची. दहा भाषा होत्या, त्यात मराठी होती. मे २०१९ च्या अपडेटमधून ते सगळ्यांना मिळाले.

आता कल्पना करा, अशा एखाद्या कीबोर्डमध्ये "दुसऱ्या"मधला "ऱ्या" नीट उमटत नाहीये. हिंदीवाल्याला हे कधी दिसणारच नाही, कारण हे जोडाक्षर त्याच्या रोजच्या लिखाणात येत नाही. इंग्रजीवाल्याचा तर प्रश्नच नाही. जगभरच्या लाखो टेस्टरमध्ये मराठीत टाइप करणारे किती? त्यातले तक्रार लिहिणारे किती? केवळ मतांवर रांग लावली तर ही तक्रार कायम तळाशी राहणार. आपल्यासाठी मात्र ती रोजच्या जेवणातला खडा आहे. म्हणून मराठी वापरणाऱ्या चार लोकांनी तरी बीटा टाकून नीट तक्रारी लिहाव्यात, असं मला मनापासून वाटतं. आपल्या वतीनं दुसरं कुणी लिहिणार नाही.

बीटा टाकणार असाल तर

आता थोडं कामाचं.

पहिलं म्हणजे रोजच्या कॉम्प्युटरवर किंवा बँकेचे व्यवहार करता त्या फोनवर बीटा टाकू नका. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर नाहीच नाही. मी एक जुना लॅपटॉप फक्त यासाठी ठेवलाय.

दुसरं, बॅकअप. तो त्या कॉम्प्युटरला जोडलेला नसावा. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्यायचा आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. क्लाउड सिंक म्हणजे बॅकअप, हा गैरसमज मनातून काढा. तुमच्याकडची फाइल गेली की सिंक ती तिथूनही प्रामाणिकपणे काढून टाकतं. रिसायकल बिनमध्ये मिळाली तर नशीब.

तिसरं, आत जाण्याआधी बाहेरची वाट बघून ठेवा. विंडोजमध्ये मागच्या आवृत्तीवर परतायला साधारण १० दिवस मिळतात. ती मुदत उलटली की बऱ्याचदा सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतं. अँड्रॉइडचा बीटा मध्येच सोडला तर फोनमधला डेटा पुसला जातो. आयफोनवर बीटात असताना घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर चढत नाही, म्हणून बीटाच्या आधीचा बॅकअप वेगळा जपून ठेवा.

चौथं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं : तक्रार लिहायची कशी. "फाइल्स गायब, लवकर काहीतरी करा" अशी तक्रार वाचून इंजिनिअर काहीच करू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा :

"बिल्ड नंबर अमुक. अपडेटच्या आधी माझं डॉक्युमेंट्स फोल्डर डी ड्राइव्हवर वळवलेलं होतं, पण सी ड्राइव्हवरच्या जुन्या फोल्डरमध्ये सुमारे २०० फाइल्स होत्या. अपडेटनंतर जुनं फोल्डरच नाही. डी ड्राइव्हवरच्या फाइल्स शाबूत आहेत. रिसायकल बिन रिकामा आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर अशीच मांडणी करून पाहिली, तिथेही तेच झालं."

यात आधी काय होतं, काय केलं, काय झालं आणि पुन्हा करून दाखवता येतं का, हे चारही प्रश्न सुटतात. बिल्ड नंबर बघायला विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, "विनव्हर" हे इंग्रजीत टाइप करा, एंटर मारा. आणि तीव्रतेचा रकाना असेल तर तो प्रामाणिकपणे भरा. वॉलपेपर आवडला नाही म्हणून "अत्यंत गंभीर" लिहिलंत, तर ज्याचे खरंच फोटो गेलेत त्याच्या पुढे तुम्ही रांगेत घुसताय.

शेवटी माझ्यासारख्या, पलीकडे बसून या तक्रारी वाचणाऱ्यांना एकच विनंती. लोक त्यांचा वेळ देतात, मशीन देतात, कधी डेटाही गमावतात. त्याबदल्यात त्यांना टीशर्ट नको असतो. कुणीतरी वाचलं, एवढंच हवं असतं. यादीच्या तळाशी, शून्य मतांची, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेली एक तक्रार असेल आणि तिच्यात "डेटा गेला" असे शब्द असतील, तर ती आधी उघडा.

तुम्ही कधी बीटा टाकलाय का? काय मोडलं, आणि कळवल्यावर उत्तर आलं का? नक्की लिहा, निवडक अनुभव पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोपर्यंत ती हार्ड डिस्क कपाटातून काढा, बॅकअप घ्या, आणि आठवणीनं परत कपाटात ठेवा. भेटू लवकरच.